कळंबाचा डहाळा

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई मी लहान असल्यापासून म्हणत आली. एका जागी बसणं मला जमत नाही. फोनवर बोलताना मी घरभर फिरते, चहा उभ्याने पिते, एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी दोनदा उठून मागे-पुढे बघून येते. अशा मुलीला लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच हळद लावून पाटावर बसवलं आणि आत्या म्हणाली, "आता उद्या सांगलीला निघूस्तवर मांडवाभायर पाय टाकायचा न्हाई." हळद अंगावर वाळून ताणायला लागली होती आणि हातांवर कोपरापर्यंत ओली मेंदी. म्हणजे चालायचं नाही आणि कशाला हातही लावायचा नाही. मी तेव्हाच चिडायला सुरुवात केली होती.

आमचं गाव साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या बाजूला. मी मात्र नोकरीला सांगलीत, माती आणि देठ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. द्राक्षबागेला कोणतं खत कमी पडतंय, हे पानाच्या देठावरून कळतं, म्हणून तासगावकडचे बागायतदार छाटणीनंतर आमच्याकडे देठांच्या पिशव्या घेऊन येतात. त्यातलाच एक जण पिशवी भरून नुसती पानं घेऊन आला. देठ सगळे घरी तोडून टाकलेले. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. दुसऱ्या खेपेला तो देठ घेऊन आला. त्यानंतर काहीच न घेता यायला लागला, आणि त्याच्याशीच माझं लग्न ठरलं.

आम्ही दोघांनी लग्नातले विधी मंडईत वांगी निवडावीत तसे निवडले होते. हे ठेवू, हे किडकं आहे, हे टाकू. सप्तपदी ठेवली, कारण ती चालायची असते. नाव घेणं ठेवलं, पण आधी त्याने घ्यायचं असं ठरलं. मानपानाच्या साड्या काढल्या. मुलीच्या बापाने जावयाचे पाय धुवायचे, हे तर मी पहिल्याच दिवशी काढून टाकलं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कुणाचे पाय धुतलेले मला चालले नसते. तेही लगेच 'बरं' म्हणाले.

भांडण झालं ते कन्यादानावरून. मी म्हणाले, मी काय गाय आहे का दान द्यायला? अण्णा ओट्यावर कोयत्याला धार लावत बसले होते. ते दगडावर पातं घासत राहिले. मग म्हणाले, "दानाबिनाचं मला काय कळत न्हाई. तुजा हात त्येच्या हातात मी देनार. समदं काढ तू. एवढं माजं ऱ्हाऊ दे."

अण्णा कधी काही मागत नाहीत. मी मोठी झाल्यापासून त्यांनी मला जवळ घेतल्याचंही आठवत नाही. आमच्याकडे बाप मुलीच्या डोक्यावर फार तर हात ठेवतो, तोही ती परीक्षेला निघाली की. त्यामुळे मी ते एक राहू दिलं. पुढे एकदा उसाला पाणी सुरू असताना मी त्यांचा डबा घेऊन रानात गेले, तर ते बांधावर उभे राहून काहीतरी पुटपुटत होते. गुरुजींकडून कन्यादानाचा संकल्प मोबाइलमध्ये भरून आणला होता आणि सरीसरीला पाण्याची दारं मोडता मोडता पाठ करत होते. जिभेला सवय नाही, शब्द नुसते अडखळत होते. मला बघून त्यांनी एकदम पंपाला शिवी हासडली.

आता देवकाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. आमच्यात प्रत्येक कुळाचं एक देवक असतं. कुणाचं झाड, कुणाचा वेल, कुणाचं पीस. लग्नाआधी ते वाजतगाजत आणून मांडवाच्या खांबाला बांधायचं आणि पुजायचं. मग कुळातले असलेले-गेलेले सगळे लग्नाला हजर झाले असं मानायचं. आमचं देवक कळंब. मारुतीच्या देवळापाशी एक जुना कळंब आहे, त्याचाच डहाळा आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाला आला. आणि ज्या दोन घरांचं देवक एक, ती घरं भावकी. त्यांच्यात सोयरीक होत नाही. सुपारी फोडली तेव्हा आत्याने तिकडच्यांना हा प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, आमची पंचपालवी, म्हणजे पाच झाडांची पानं. आत्या समाधानाने मान डोलावून पोहे खायला लागली.

तर मी पाटावर बसले होते. आत्या माझ्या पायांना राहिलेली हळद लावत होती, आई आणि मामी ओटीचं सामान भरत होत्या, अण्णा मांडवाच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा ताणून बघत होते. मामा पहाटेच सांगलीहून आला होता. सांगलीच्या मार्केट यार्डात त्याचा हळदीचा व्यापार, त्यामुळे आज लावायची हळदही त्यानेच आणलेली. एवढ्यात माझा फोन वाजला. हाताला मेंदी, म्हणून मामीने तो स्पीकरवर लावून माझ्यासमोर धरला.

"आगं ऐक," तिकडून नवरदेव घाईत होता. "आमची थोरली आजी आलीय गावाकडनं. तिनं आल्या आल्या धिंगाणा घातलाय. म्हनती, ही पाच पानं कुनी आनली? आपलं देवक कळंब हाय. म्हातारबाच्या लग्नात कळंब मिळाला न्हाई म्हनून पाच पानं लावली, तवापास्नं तुमी तेच लावत बसलाय. हिकडं समद्या बागाच, कळंब कुठनं आनू? तुमच्या देवळापाशी हाय न्हवं? एक फांदी धाडा की!"

तो आनंदात होता. त्याला वाटत होतं, अडचण सुटली. इकडे आत्याचा हळदीचा हात माझ्या पावलावर तसाच थांबला.

मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मी म्हणालेसुद्धा, हो, पाठवते की. मग सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. आईने हातातलं खोबरं खाली ठेवलं. अण्णांनी दोरी सोडली आणि मांडवाचा तो कोपरा खाली लोंबायला लागला.

"एकच देवक?" आत्या म्हणाली. "म्हंजे तू आन त्यो..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. मी केलं. "भाऊ-बहीण झालो. असंच ना? सकाळी नवरा-नवरी होतो, आता एका पानापायी भाऊ-बहीण झालो." मला भयंकर राग आला होता. माझा सगळा दिवस पानं आणि देठ हाताळण्यात जातो. देठातलं पोटॅश मोजता येतं, नातं मोजता येत नाही. मी हे मोठ्याने बोलून दाखवलं.

आत्याचाही आवाज चढला. "पानाला नातं नसतं, मग कुंकवाला असतं? मंगळसूत्राला असतं? ते तर तू घालनार हायस. घालू नगंस मग!"

निवडलेल्या विधींपैकी एकही डोक्याने निवडलेला नव्हता, हे मला त्या पाटावर बसून कळलं. जे आवडलं ते ठेवलं, जे टोचलं ते काढलं. आत्याला हे टोचत होतं, मला टोचत नव्हतं, एवढाच फरक.

तासगावहून फोन येत राहिले. तिकडच्या थोरल्या लोकांनाही घाम फुटला होता. आमंत्रणं वाटून झालेली, सांगलीचं कार्यालय घेतलेलं. शेवटी तोड आत्यानेच काढली. अशी अडचण पूर्वीही यायची म्हणे, आणि तेव्हा मुलगी मामाच्या देवकावर द्यायचे. मामाचं देवक मोराचं पीस. मुलगी मामाने आपली म्हणायची, मांडवात मोराचं पीस बसवायचं, कन्यादानाला मामा आणि मामीने बसायचं. मग कळंबाच्या घरी जायला मुलगी मोकळी. तिकडून थोरल्या आजीनेही फोनवर होकार दिला. सगळ्यांचे जीव भांड्यात पडले, आणि मग हळूहळू सगळे अण्णांकडे बघायला लागले.

अण्णांनी कोपऱ्यातला कोयता उचलला आणि मांडवाबाहेर निघून गेले.

मला धीर धरवेना. मी पाटावर बसले, उठले, मला परत बसवलं. मोबाइलवर तासगावहून त्याचा मेसेज आला होता, मामीने वाचून दाखवला: 'ताई, जेवलीस का?' मामी हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. मला त्या क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला. पाठोपाठ दुसरा आला: 'तू म्हणशील तर रजिस्टर लग्न करू. मी तयार आहे.' मीही तयार होते. खरंच होते. सरळ रजिस्ट्रारकडे जायचं, सही करायची, ना पान ना पीस. पण मग अण्णांचं काय, हा प्रश्न तिथेही तसाच राहत होता. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. नेमकी तीच दुसऱ्याला द्या, असं आता सगळे त्यांना सांगत होते. आणि ते नाही म्हणाले असते तर त्यांच्याविरुद्ध जायचं बळ माझ्यात नव्हतं. त्याला सोडायचंही नव्हतं.

मी उठले आणि मांडवाबाहेर पाय टाकला. मागून आत्या ओरडली, "आगं, हळदीची! हळदीची भायर चाललीस!" मी अनवाणीच निघाले. रस्त्यावर ट्रॅक्टरवाला थांबून बघत राहिला. मी मेंदीचे हात पुढे धरून, पिवळीधमक, भर उन्हात देवळाकडे चालत होते, आणि खरं सांगायचं तर चालायला मिळालं म्हणून जरा बरंही वाटत होतं.

अण्णा कळंबाखाली पारावर बसले होते. कोयता मांडीवर.

"हळदीची हितं कशाला आलीस?"

"बसवंना मला."

"जा घरला."

"न्हाई जात." मी त्यांच्यासमोर येरझारा घालायला लागले. "अण्णा, कुनाला कळतंय? त्येनी पाच पानंच लावू देत. आपुन आपला कळंब लावू. म्हातारीला सांगू, मिळाला न्हाई."

"मला कळतंय की," अण्णा म्हणाले. "माजं लगीन ह्या झाडाच्या डहाळ्याम्होरं लागलं. माज्या बाचं बी लागलं. ह्येच्याम्होरं खोटं कसं बोलू?"

मी थांबले. मग जे होतं ते सांगून टाकलं. "मला ह्योच पायजे, अण्णा. दुसरा नको. आन तुमी बी पायजे. मी कोर्टात जाऊन लगीन करू शकती, पर तुमी नसताना मला करायचं न्हाई."

ते पाराच्या दगडावरची माती अंगठ्याने खरवडायला लागले. "समदं काढ म्हनलं हुतं मी तुला," ते म्हणाले. "एवढंच ठिवलं हुतं. न्हेमकं तेवढंच गेलं बघ."

त्यांचा आवाज चिरकला. मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता, आणि परत ऐकावा लागू नये असं वाटलं. मला त्यांच्याजवळ बसायचं होतं, पण माझे हात ओले, अंगाला हळद, आणि आमच्या घरात तशी रीतही नाही. मी उभीच राहिले.

एवढ्यात मामा आला. तो अंगाने भारी, चार पावलं भराभर टाकली की धापा टाकतो. त्याने आधी पाराला हात टेकून श्वास घेतला. "दाजी," तो म्हणाला, "मला बाप करताय, ते बरं हाय. पर मग मामा कोन?"

अण्णांनी वर बघितलं.

"पोरीला बव्हल्याव कोन आननार? अंतरपाटाच्या हिकडं तिच्या पाठीशी कोन उभं ऱ्हानार? मामाची जागा मोकळी ठिवता येत न्हाई. तुमची मी घेतो, माजी तुमी घ्या. फिट्टंफाट."

अण्णा विचार करत होते. फौजी माणूस, नवीन हुकूम मिळाल्यासारखा त्यांनी तो नीट तपासून बघितला. "मामाला काय पाठ करावं लागतं?"

"कायबी न्हाई. पोरीला धरून उभं ऱ्हायाचं."

"एवढंच?"

"एवढंच."

अण्णा उठले. धोतराचा सोगा खोचला आणि या वयातही सरसर झाडावर चढले. चांगला पानांनी भरलेला डहाळा बघून तोडला, खाली उतरले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मामाच्या हातात दिला. "कुनाला तरी गाडी घिऊन धाडा तासगावला. पोराच्या मांडवात देवक बसायचं ऱ्हायलंय."

आम्ही परत आलो तेव्हा दारात आत्या उभी होती. मला शिव्या देत तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, मग नवा बेत ऐकला आणि 'मामाच्या जागी उभं ऱ्हायाला देवक आडवं येत न्हाई' असा निकाल दिला. सकाळपासून गप्प असलेली आई आता एकदम बोलली. "आवं, ह्ये पोरीचे मामा झाले, तर माजे कोन झाले?" सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अण्णा लाजले आणि लोंबलेला मांडवाचा कोपरा बांधायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सांगलीला जाताना मी ज्या गाडीत होते तिच्यातच अण्णा आणि मामा होते. अण्णा मामाला संकल्प शिकवत होते. कराडच्या पुढे गेलो तरी मामा पहिल्या ओळीतच गडबडत होता. "आरं, जीब उचल जरा," अण्णा वैतागायचे, "हळदीचा भाव वरडायचा न्हाई हाय!" मामा पुन्हा म्हणायचा, पुन्हा चुकायचा. अण्णा न चुकता म्हणून दाखवायचे. खिडकीबाहेर ऊसच ऊस मागे पडत होता आणि मी शालूत गुंडाळलेली, मुंडावळ्या सांभाळत, पायाची बोटं वळवत बसले होते. मला सारखं वाटत होतं की अजून कुणाचा तरी फोन येईल आणि आणखी काहीतरी निघेल.

काही निघालं नाही. कार्यालयात गर्दी झाली होती. गौरीहरापाशी मला बसवलं होतं आणि माझा एक पाय पाटाखाली आपोआप हलत होता. बाहेर गुरुजी माइकवर म्हणाले, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." गुरुजी सांगलीचे, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सवयीने मामा उठायला लागला, तर मामीने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवला.

मग अण्णा आले. डोक्याला फेटा, अंगावर नवा पांढरा सदरा, चेहरा परेडला उभं राहिल्यासारखा. रीतीने बघितलं तर या वेळी ते पाहुण्यांच्या सरबराईत असते, नाहीतर आचाऱ्याशी वाद घालत असते. मुलीचा बाप मंगलाष्टकांच्या वेळी मुलीजवळ नसतो. त्यांनी माझ्या दोन्ही दंडांना धरून मला उठवलं. कसं धरायचं हे त्यांना कळत नव्हतं. आधी फार हलकं, मग एकदम घट्ट. त्यांनी मला बोहल्यावर नेलं आणि माझ्या मागे उभे राहिले.

समोर अंतरपाट. त्याच्या पलीकडे त्याचे नुसते पाय दिसत होते. मंगलाष्टकं सुरू झाली, डोक्यावर अक्षता पडायला लागल्या. मी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होते. कानाशी अण्णांचा आवाज आला, "हलू नगंस." मी थांबले. कोयत्याने घट्टे पडलेले ते हात चुड्याच्या वर, दंडांवर तसेच होते. एकेक अष्टक संपत होतं आणि मला भीती वाटत होती की हेच शेवटचं असेल.

शेवटचं संपलं. वाजंत्री वाजली, अंतरपाट बाजूला झाला. तो समोर हार घेऊन उभा होता, घामेजलेला, हसरा. लोक टाळ्या वाजवत होते. मी हार घालायला पुढे व्हायचं होतं.

"मामा, सोडा आता मुलीला," गुरुजी म्हणाले.

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी सोडलं नाही.

गुरुजींनी पुन्हा एकदा सांगितलं. मीही हलले नाही.